भीमराव कंडक्टरचा बाजार

भीमराव सोनकांबळे यांनी सगळी नोकरी लोकांना बाजाराला पोचवण्यात घालवली, पण स्वतः कधी पाव किलो भेंडीही विकत आणली नव्हती. सरकारी बसचे कंडक्टर. बीदर-औराद, औराद-उदगीर, आणि पुनवेला गाणगापूरची जादा गाडी. बाजाराच्या दिवशी बायांच्या टोपल्या, मिरच्यांची पोती, पाय बांधलेली कोंबडी, सगळं त्यांच्याच गाडीत चढायचं. कोंबड्यालाही ते हाफ तिकीट फाडत. मालक कुरकुरला तर म्हणत, "तो बसलाय न्हवं? मग झालं." पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही, किंवा तिकीट दिलं आणि पैसे घेतले नाहीत, या दोन पापांपलीकडे जगात तिसरं पाप असेल असं त्यांना वाटत नसे.

मूळ गाव चिंताकी. बीदरमधल्या मैलूरला दोन खोल्या बांधून बरीच वर्षं झाली होती, पण मैलूरनं त्यांना नीट पाहिलेलंच नव्हतं. पहाटे अंधारात डेपोला निघायचे, परत यायचे तेव्हा गल्ली झोपलेली असायची. रिटायर होऊन ते दिवसाउजेडी दारात खुर्ची टाकून बसायला लागले, तेव्हा समोरच्या घरातल्या पोरांनी आईला जाऊन सांगितलं की भागाबाईंच्या घरी कुणीतरी भाडेकरू आलाय.

मैलूर ओळखत होतं ते भागाबाईंना. ऊन कललं की भागाबाई पिशवी काखेत मारून निघायच्या. चौकातून आत वळलं की लिंबाखाली आमचा छोटा बाजार भरतो. दहा-पंधरा पोत्यांवर मांडलेला भाजीपाला, एका कडेला बसवंतप्पाचं किराणा दुकान, दुकानापुढं गटारीवर बांधलेला लांबलचक ओटा. भागाबाई आधी त्या ओट्यावर बसत, सगळ्या पोत्यांवरून एक नजर फिरवत, आणि मग उठत. भाजी घेणं हे शेवटचं काम. त्याआधी कुणाची सून माहेरी गेली, ती का गेली, ती येणार की नाही, हे सगळं मार्गी लावावं लागे. दिवे लागल्यावर त्या घरी परतत, तेव्हा पिशवीत चार भाज्या असत आणि पोटात गावभरची खबर.

भीमरावांना हे पटत नसे. "पाव किलो भेंडीला एवढा येळ? एवढ्या येळात मी उदगीर गाठत होतो."

"उदगीरला जाऊन तरी काय आणलाव कधी?" भागाबाई म्हणायच्या. विषय तिथं संपायचा.

मग एक दिवस रिक्षातून उतरताना भागाबाईंचा पाय मुडपला. घोट्याचं हाड चिरलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून डॉक्टर म्हणाले, "आता महिनाभर उंबरा ओलांडायचा नाही." भागाबाईंनी आधी विचारलं, "मग बाजार?" पायाचं त्यांनी नंतर विचारलं.

त्यांची मुलगी पंचशीला कलबुर्गीला शाळेत शिकवते. ती रविवारी आली आणि बापाच्या मोबाईलमध्ये भाजी मागवायचं काहीतरी टाकून देऊन गेली. बोट लावलं की भाजी दारात. भीमरावांना ही सोय फार आवडली. दुसऱ्या दिवशी वांगी आली, प्लास्टिकच्या डबीत, सगळी एका मापाची. कोथिंबीर आली, तीही डबीत. डबीवर 'ताजी' असं छापलेलं होतं.

भागाबाईंनी एक वांगं उचललं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "ही कुणाची हायत?"

"कुणाची म्हंजे? आपली. पैसे दिलाव की."

"तसं न्हाई. कुणाच्या रानातली? कोण विकली? काय बोलली?"

"आणणारा गडी दारात ठेवून गेला बग."

"नाव इचारलाव का?"

"न्हाई."

"चहा?"

"भागा, तो गाडीवरून उतरला बी न्हाई!"

भागाबाईंनी वांगं खाली ठेवलं. "ताजी हाय म्हणून लिहून दाखवायलेत म्हणजे त्यांनाच शंका हाय." संध्याकाळी त्या वांग्याची भाजी झाली. भागाबाईंनी दोन घास खाल्ले आणि प्लास्टरचा पाय भिंतीला लावून छताकडे बघत राहिल्या. असं चार-पाच दिवस चाललं. भाजी चांगली होती, बाई मात्र सुकायला लागली. शेवटी भीमरावांनीच हात टेकले. "जातो मी बाजाराला. सांग काय आणू?"

भीमराव बाजाराला निघाले ते ड्युटीवर निघाल्यासारखे. कडक इस्त्रीची खाकी पँट, कारण कापड चांगलं होतं आणि अजून फाटलेलं नव्हतं. पांढरा शर्ट. खांद्यावर आडवी चामडी पिशवी. खिशाला पेन.

लिंबाखाली आले आणि त्यांना पहिला धक्का बसला तो गर्दीचा. लिंगम्माच्या पोत्याभोवती पाच-सहा बाया एकदम वाकल्या होत्या, एकदम बोलत होत्या. लिंगम्मा ही बाजारातली सगळ्यात जुनी भाजीवाली. कन्नड आणि मराठी एकाच दमात बोलणारी. भीमरावांनी थोडा वेळ पाहिलं, आणि त्यांच्या छातीतून तो आवाज आपोआप बाहेर आला, जो औरादच्या स्टँडवर शेवटच्या गाडीला बाहेर यायचा.

"लाईन करा! एकेक जण पुढं या. पुढं सरका, पुढं सरका!"

आणि आश्चर्य असं की बायांनी लाईन केली. नंतर त्यांनाच कळेना की आपण का केली.

भीमरावांचा नंबर आला. "वांगी कशी?"

"चाळीस." लिंगम्मानं सांगितलं आणि पदर खोचला. चाळीस हा काही भाव नसतो. चाळीस म्हणजे कुस्तीआधी मांडीवर मारलेली थाप. आता समोरच्यानं 'वेड लागलंय का बाई' म्हणायचं, उठून जायचं, परत यायचं, मग कुठंतरी पंचवीस-अठ्ठावीसला दोघं घाम पुसत थांबणार.

भीमरावांनी चाळीस रुपये काढून दिले.

लिंगम्मा नोटा हातात घेऊन बसून राहिली. पोत्याखाली सरकवल्या नाहीत. "मग?"

"मग काय?"

"काय म्हणायचं न्हाई का तुमाला?"

"न्हाई."

लिंगम्मानं वांगी तागडीत टाकली. भीमराव वाकले आणि काटा मधोमध थांबतो का ते डोळे बारीक करून पाहू लागले. त्यांना वजनाचं काही पडलेलं नव्हतं. फक्त तागडी एवढ्या जवळून ते पहिल्यांदाच पाहत होते. लिंगम्मानं घाईनं आणखी दोन वांगी टाकली. भीमरावांनी त्यातलं एक काढून परत दिलं. "हे जास्तीचं हाय."

पिशवी भरली, तरी ते हलेनात. हात पुढं करून उभेच.

"आता काय?" लिंगम्मा म्हणाली.

"तिकीट," भीमराव म्हणाले, आणि मग चुकलं म्हणून, "म्हंजे पावती. पैसे घेतलीस न्हवं? मग पावती दे."

लिंगम्माच्या शेजारी तुळजाराम बसतो. कांदे, बटाटे, लसूण. घरी म्हशी आहेत, त्याची बायको नागूबाई आमच्या तीन-चार गल्ल्यांना दूध घालते. भीमरावांची पाठ फिरल्याबरोबर तुळजाराम लिंगम्माकडे सरकला.

"बाई, ती खाकी प्यांट बघितलीस?"

"व्हय."

"चामडी पिशवी? खिशाला पेन? भाव केला का?"

"न्हाई की."

"जास्तीचं वांगं परत दिला. पावती मागला." तुळजारामनं आवाज खाली घेतला. "ह्यो वजनमापाचा साहेब हाय. येष बदलून यायलाय."

"अय्यो देवा," लिंगम्मा म्हणाली. "पण येष कुठं बदललाय? सगळं तर साहेबावानीच हाय."

"तेच तर. त्येला वाटायलंय आपल्याला कळना."

दुसऱ्या दिवशी भीमराव आले तेव्हा बाजार न्हाऊन-माखून बसल्यासारखा होता. तागड्या चिंचेनं घासलेल्या. तुळजाराम अर्ध्या किलोच्या मापाच्या जागी जो गोल दगड वर्षानुवर्षं वापरत होता, तो दिसेना. तिथं नवंकोरं लोखंडी माप होतं. लिंगम्मानं पाटीवर खडूनं भाव लिहून घेतले होते. भीमरावांना तिनं कोवळ्यातली कोवळी भेंडी निवडून दिली आणि वर कॅलेंडरच्या कागदाचा तुकडा दिला. त्यावर कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं, 'भेंडी दिली. लिंगम्मा', आणि खाली अंगठा.

भीमरावांचं मन भरून आलं. घरी येऊन म्हणाले, "भागा, तू उगाच त्या बाजाराला नावं ठेवत होतीस. काय शिस्त हाय! गेलो, घेतलो, आलो."

"मी कवा नावं ठेवले? नावं तुमी ठेवत होताव." भागाबाईंनी भेंडीचं टोक मोडून पाहिलं. कट्कन मोडलं. दुसरी मोडली. तीही तशीच. त्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं त्यांनी लिंगम्माशी जीव लावला, भांडण केलं, तिच्या आजारपणात तिला भाकरी पोचवली, आणि असली भेंडी त्यांना कधी मिळाली नव्हती.

"लिंगम्मा काय म्हणली?"

"काय न्हाई."

"तिच्या सुनेला दिवस गेलेते. काय झालं?"

"ते मी कसं इचारू?"

"तुळजारामची मुरा म्हैस आटली का अजून दूध द्यायलीय? बसवंतप्पाच्या भावानं भिंतीवरून भांडण काढलंतं, ते मिटलं का?"

"भागा, मी भाजी आणाय गेल्तो."

"भाजी तर त्या डबीत बी येतीया!" भागाबाई कडाडल्या. "उद्या इचारून या. तीन गोष्टी सांगते, तेवढ्या इचारायच्या. नसता येऊच नका."

आता भीमरावांचं असं, की सगळ्या आयुष्यात त्यांनी अनोळखी माणसाला दोनच प्रश्न विचारले होते. कुठं जायचंय, आणि सुट्टे हायत का. बाईमाणसाला सुनेच्या दिवसांबद्दल विचारायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा आला. रात्रीतून त्यांनी ते प्रश्न सभ्य करून घेतले.

लिंगम्मापुढं उभं राहून, नजर वर लिंबाकडे ठेवून, त्यांनी विचारलं, "घरात माणसं किती? वाढणार हायत का?"

लिंगम्माच्या हातातला दोडका खाली पडला. तिच्या रेशन कार्डावर मेलेल्या सासूचं नाव अजून नांदत होतं.

तुळजारामला त्यांनी विचारलं, "दुधाचं कसं चाललंय?"

तुळजाराम उठून उभा राहिला. "चांगलं हाय साहेब. निव्वळ दूध हाय. तसंच राहील साहेब."

आणि बसवंतप्पाच्या दुकानापुढं ओट्यावर पाय ठेवून, हात जोडून नमस्कार घालत भीमराव म्हणाले, "शरणु, बसवंतप्पा. त्या बांधकामाचं काय झालं?" भागाबाईंनी भिंत म्हटलं होतं. पण 'भिंतीवरून भांडण' म्हणणं त्यांना बरं वाटेना, म्हणून त्यांनी बांधकाम म्हटलं.

बसवंतप्पानं भीमरावांच्या पायाखालच्या ओट्याकडे पाहिलं. ओटा गटारीवर होता. गटार सरकारची होती. "करतो साहेब," तो म्हणाला. "आजच करतो."

घरी आल्यावर भागाबाईंनी विचारलं, "काय म्हणले?"

"तुळजारामचं दूध चांगलं हाय. बसवंतप्पा आजच करतो म्हणला."

"काय करतो?"

"ते सांगितला न्हाई. आणि लिंगम्मा रडली."

"कामून?" भागाबाई उठून बसल्या. "पोरीचं काय बरंवाईट झालं का?"

"उद्या इचारतो."

दुसऱ्या दिवशी लिंगम्मानं त्यांना विचारूच दिलं नाही. ते दिसताच तिनं तोंडाला पदर लावला. "सासू गेली वो साहेब. कालच गेली. नाव कमी करून टाकते आता."

भीमराव बिचारे हळहळले. टोपी काढायची सवय नव्हती, म्हणून पेन काढून हातात धरलं. घरी येऊन गंभीर आवाजात बायकोला सांगितलं, "लिंगम्माची सासू वारली. काल."

भागाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "कोणची सासू?"

"किती सासवा असतेत माणसाला?"

"अवो, तिची सासू तर पंचशीला बालवाडीत होती तवाच गेली की! मी मातीला गेलते. परत आले तर तुमी गाडी घेऊन गाणगापूरला गेल्ताव." भागाबाईंनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खाकी पँट, पिशवी, पेन. काहीतरी त्यांच्या डोक्यात हललं, पण नीट बसलं नाही.

ते बसलं दोन दिवसांनी, सत्यभामाबाई आल्या तेव्हा.

सत्यभामाबाई चौकापलीकडे राहतात. भागाबाईंची ओट्यावरची मैत्रीण. घरी येण्याजाण्याचा प्रसंग कधी आला नव्हता, कारण जे बोलायचं ते ओट्यावरच व्हायचं. पाय बघायला म्हणून आल्या, पायाकडे ढुंकूनही न बघता खाली बसल्या आणि म्हणाल्या, "भागाबाई, बाजाराचं वाट्टोळं झालं बग."

"काय झालं गं?"

"कुणी एक साहेब यायलाय रोज. सगळे चिडीचूप. लिंगम्मा भाव करू दीना, पाटीकडं बोट दावायलीय. मी पाच रुपये कमी कर म्हणलं तर म्हणती, अक्का हळू बोल, साहेब ऐकंल. कोथिंबिरीची काडी सुद्धा वरून टाकना. बसवंतप्पानं ओटा फोडला."

"ओटा?" भागाबाईंचा आवाज चिरकला.

"हातानं फोडला. आता बाया बसणार कुठं? भाजी घ्यायची आन् मुक्यानं घराकडं यायचं. आन् दूध! नागूबाईच्या दुधावर बोटभर साय धरायलीय. मला तर भ्या वाटायलंय, काय मिसळायलीय की त्यात. आमच्या घरात कुणालाच पचना झालंय."

"कसा दिसतो गं तो साहेब?"

"मी बाई लांबूनच बघते. खाकी प्यांट हाय. आडवी चामडी पिशवी. आवाज तर असा, की..."

"भागा, आज दोडके लई ब्येस मिळाले!" दारातून आवाज आला.

सत्यभामाबाई ताडकन उठल्या. डोक्यावर पदर घेतला, भिंतीला चिकटल्या आणि म्हणाल्या, "या साहेब. बसा." मग त्यांच्या लक्षात आलं की हे आपलं घर नाही, आणि त्या भागाबाईंकडे वळून कुजबुजल्या, "तुझ्या घराकडं कामून यायलाय गं ह्यो? काय केलीस?"

भागाबाई हसत होत्या, आधी आवाज न करता, मग उशीत तोंड खुपसून, मग प्लास्टरचा पाय बाजेवर आपटून. भीमराव दोडके हातात धरून उभे होते. "काय झालं? हिला काय झालं?" ते सत्यभामाबाईंना विचारत होते, आणि सत्यभामाबाई म्हणत होत्या, "मला काय म्हाईत न्हाई, साहेब. मी फकस्त पाय बघाय आल्ते."

प्लास्टर निघालं त्याच संध्याकाळी भागाबाईंनी रिक्षा बोलवायला लावली. डॉक्टरांनी काठी दिली होती. एका हातात ती, दुसऱ्या हाताखाली नवरा, अशा त्या लिंबाखाली उतरल्या.

लिंगम्मानं त्यांना पाहिलं आणि तागडी टाकून दिली. "अक्का! कुठं होतीस गं? किती दिस वाट बघू?" ती धावत आली, आणि निम्म्या वाटेत थबकली. "अक्का," ती दबक्या आवाजात म्हणाली, "मागं साहेब हायत. तुला बी धरून आणलेत का?"

"कुठला साहेब?" भागाबाई सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "ह्यो माझा नवरा हाय."

बायांच्या माना भीमरावांकडं वळल्या.

"नवरा?" तुळजाराम म्हणाला.

"नवरा. बसचा कंडक्टर होता. आता रिटायर हाय."

मग जो गलका झाला, तो चौकापर्यंत ऐकू गेला. लिंगम्मानं कपाळावर हात मारून घेतला. "अय्यो, ह्याच्यापायी मी सासूला दुसऱ्यांदा मारले! कवळी भेंडी, कवळी वांगी, सगळी ह्यालाच घातले!" तुळजाराम ओरडत होता, "माझं दूध! बायको रोज भांडायलीय माझ्यासंगं, मी पाणी टाकू दीना म्हणून!" हे बोलून गेल्यावर त्याला कळलं की आजूबाजूला दूध घेणाऱ्या बायाच उभ्या आहेत. बसवंतप्पा दुकानातून बाहेर आला. फक्त विटांच्या ढिगाकडे बोट दाखवून उभा राहिला.

"पण मी कवा म्हणलो साहेब हाय म्हणून?" भीमराव कळवळून म्हणाले. "कुणी इचारलं का मला?"

"मग भाव कामून करत नव्हताव?" लिंगम्मा कमरेवर हात ठेवून पुढं आली.

"तिकिटाचा भाव कुणी करतं का?"

"वांगं म्हंजे तिकीट हाय का? म्यां चाळीस सांगायचं, तुमी चाळीस द्यायचं! माणूस म्हणून बोलायची काय रीत? मी घरी जाऊन जेवले न्हाई त्या दिवशी. म्हणले, माझ्यासंगं दोन शब्द बोलावं वाटंना ह्या माणसाला."

भीमराव खाली बघायला लागले. आपण चाळीस रुपये दिल्यानं कुणी उपाशी राहिलं असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"न्हाई, असं सोडायचं न्हाई," लिंगम्मा म्हणाली. "आता सगळ्यांपुढं भाव करा. करून दाखवा. बसा हितं." तिनं पोतं झटकलं. सगळा बाजार भोवती गोळा झाला. "वांगी चाळीस. बोला."

भीमरावांना घाम फुटला. त्यांनी भागाबाईंकडे पाहिलं. भागाबाईंनी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. त्यांनी घसा खाकरला, वांग्यांकडे पाहिलं, चाळीस म्हणजे फुल तिकीट, मग फुलपेक्षा कमी म्हणजे काय, असा त्यांच्या डोक्यात हिशेब झाला असावा. आणि गाडीच्या मागच्या दारातून पुढच्या सीटपर्यंत जाईल अशा आवाजात ते ओरडले:

"हाफ!"

लिंगम्माचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "हाफ? वीस रुपये?" तिनं दोन्ही हात आभाळाकडे केले. "बघा गं बायांनो, मला लुटायलाय! वीस रुपयात काय देठं देऊ का? रिटायर माणसाला लाज बी न्हाई! छत्तीस!"

"हाफ!" भीमराव म्हणाले. त्यांना दुसरं येतच नव्हतं.

"चौतीस! माझ्या लेकरांच्या तोंडचं काढून द्यायले!"

"हाफ!"

"उठा, जावा, न्हाई विकायची मला वांगी!"

भीमराव खरंच उठले आणि चालायला लागले, कारण कुणी जा म्हटलं की जायचं एवढंच त्यांना कळत होतं. लिंगम्मा मागून धावली, शर्ट धरला. "या, या. तीस." बायांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी अठ्ठावीसला जमलं, आणि लिंगम्मानं हात पुसून वर मूठभर कोथिंबीर टाकली. भीमरावांनी ती पाहिली. "हे जास्तीचं..." असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा भागाबाईंनी काठीचं टोक त्यांच्या पायावर टेकवलं.

त्यानंतरच्या रविवारी बसवंतप्पाचा ओटा परत उभा राहिला. या वेळेस गटारीच्या अलीकडे, थोडा अरुंद. विटा भीमरावांनी वाहिल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. सिमेंट ओलं असेपर्यंत सत्यभामाबाई त्याच्यापुढं उभं राहून राखण करत होत्या, आणि वाळल्याबरोबर पहिल्या बसल्या. दुधाचं मात्र अवघड झालं. बायांना आता सायीची सवय लागली होती, आणि नागूबाईला आपली जुनी सवय सुटेना. पातळ दूध आलं की बाया भीमरावांना विनंती करत की जरा ती पँट घालून तुळजारामपुढं उभं राहा. भीमराव नाही म्हणत नसत. पण तुळजाराम आता घाबरत नव्हता. उलट त्यांना बसायला पोतं देई, आणि दोघं गाणगापूरच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत बसत.

भागाबाईंचा पाय बरा झाला. त्यांनी पिशवी मागितली, तर भीमराव देईनात. "तू आराम कर. डॉक्टर काय म्हणला?" घरात यावरून चांगलंच वाजलं. भागाबाईंनी दुसरी पिशवी घेतली. दोघं एकमेकांना न सांगता बाजाराला जाऊ लागली, आणि घरात दोन-दोन प्रकारची वांगी शिजू लागली. शेवटी एकत्र जायचं ठरलं, पण भाव कुणी करायचा हे अजून ठरलेलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पंचशीला आली. "बाबा, किती वेळ लागतो एवढ्याशा भाजीला? चला, मीच येते तुमच्यासंगं, दहा मिनिटांत आटपू."

भागाबाईंच्या मांडीवर निवडायचे तांदूळ होते. "जा," त्या म्हणाल्या, "जाऊन ये."

लिंबाखाली पोचताच लिंगम्मानं पंचशीलाचा हात धरला तो सोडलाच नाही. "हीच का पोरगी? मास्तरीण? लग्न कवा?"

पंचशीला हसून म्हणाली, "बघू, अक्का."

"काय बघू? कुणाला बघू? तुळजाराम, बघ की रे, पोरगी एकलीच हाय कलबुर्गीत."

तुळजारामनं कांद्याची तागडी खाली ठेवली. "उदगीरला एक मास्तर हाय माझ्या वळखीचा. तुमच्यातलाच. स्वभावानं गरीब."

"उंची किती?" बसवंतप्पानं दुकानातून विचारलं.

"उंची कशाला बघायलाय, पगार इचार," सत्यभामाबाई ओट्यावरून म्हणाल्या.

पंचशीलानं बापाकडे पाहिलं. डोळ्यांनी सांगितलं की बाबा, काहीतरी बोला. भीमराव दोडक्यांपुढं उकिडवे बसले होते. "थांब जरा," ते हातानं खुणावत म्हणाले, "लिंगम्मा, हाफ म्हणलो मी. इकडं बघ, हाफ!"

ती घरी आली तेव्हा दिवे लागले होते. पिशवी दाणकन खाली ठेवून म्हणाली, "आई, मी परत त्या बाजारात पाय ठेवणार नाही. काय माणसं आहेत ती!"

भागाबाईंनी तांदळाचं सूप बाजूला सारलं, जवळ सरकल्या, आणि आवाज खाली घेऊन विचारलं,

"मास्तर उदगीरचा म्हणाला का तुळजाराम? नाव काय सांगितला?"